घरची जिंजर बिअर गढूळ झाली, बाटली उघडली की निम्मी उतू जाते. काय चुकलं?
बाटल्या उकाड्यात जास्त वेळ बाहेर राहिल्या, आता सगळ्यात आधी त्या फ्रिजमध्ये टाका. मी दर उन्हाळ्यात दादरच्या घरी करते; आपल्याकडे मे महिन्यात यीस्ट इतकं जोरात चालतं की एक-दोन दिवसांत गॅस भरतो. थंडीत ते मंदावतं आणि वायू पेयात विरघळतो. गढूळपणा यीस्टचा आणि आल्याच्या सत्त्वाचा, दोन दिवसांत तळाशी बसेल. काचेच्या बाटल्या मात्र खरंच फुटतात, म्हणून पूर्ण गार झाल्यावर जाड टॉवेलात गुंडाळून, तोंड लांब धरून, झाकण थोडं थोडं सैल करा. पुढच्या वेळी एक बाटली प्लास्टिकची भरा, ती दाबून कडक लागली की सगळ्याच फ्रिजमध्ये. बुरशी किंवा कुजकट वास असेल तर मात्र ओतूनच द्या.