वाचकांचे प्रश्न : दुर्बीण नसताना खगोलसंशोधन

प्रश्न : मी नागपुरात एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षात शिकते. आमच्या महाविद्यालयात मोठी दुर्बीण नाही आणि खगोलभौतिकीत संशोधन करणारे प्राध्यापकही नाहीत. अवकाश दुर्बिणींचा डेटा सर्वांसाठी खुला असतो आणि घरबसल्या नवा ग्रह शोधता येतो, असे एका व्याख्यानात ऐकले. वार्षिक प्रकल्पासाठी हे खरोखर शक्य आहे का?
— एक विद्यार्थिनी, हिंगणा मार्ग

उत्तर : डेटा खुला असतो हे पूर्णपणे खरे आहे. घरबसल्या ग्रह सापडतो हे मात्र अर्धेच खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच आपला प्रकल्प दडलेला आहे.

एप्रिल 2018 मध्ये प्रक्षेपित झालेली 'टेस' ही दुर्बीण आकाशाचा एकेक पट्टा सुमारे 27 दिवस सलग न्याहाळते आणि त्यातील ताऱ्यांची तेजस्विता ठरावीक अंतराने नोंदवत राहते. एखादा ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून गेला, म्हणजे त्याचे अधिक्रमण झाले, की ताऱ्याचा प्रकाश किंचित उणावतो. ही घट किती, हे ग्रहाच्या आणि ताऱ्याच्या त्रिज्यांच्या गुणोत्तराच्या वर्गावर अवलंबून असते. सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून गुरूएवढा ग्रह गेल्यास प्रकाश सुमारे 1 टक्क्याने घटेल. पृथ्वीएवढा ग्रह गेल्यास ही घट जेमतेम 0.008 टक्के भरेल. हा सगळा डेटा बाल्टिमोर येथील स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटच्या 'मास्ट' या संग्रहातून विनामूल्य उतरवून घेता येतो. पायथन ही संगणकभाषा थोडीफार येत असेल, तर 'लाइटकर्व्ह' या विनामूल्य साधनाच्या मदतीने एखाद्या ताऱ्याचा प्रकाशवक्र, म्हणजे त्याची तेजस्विता काळानुसार कशी बदलते याचा आलेख, साध्या लॅपटॉपवरही काढता येईल.

आमचा सल्ला असा, की सुरुवात नव्या ग्रहाच्या शोधापासून न करता माहीत असलेल्या ग्रहापासून करावी. 'वास्प-18 बी' हा गुरूपेक्षा कितीतरी जड ग्रह आपल्या ताऱ्याभोवती 23 तासांच्या आतच एक फेरी पूर्ण करतो आणि प्रत्येक फेरीत ताऱ्याचा प्रकाश सुमारे 1 टक्का घटवतो. एका पट्ट्याच्या निरीक्षणात अशी वीसहून अधिक अधिक्रमणे मिळतात. ती एकावर एक रचून कक्षाकाल व त्रिज्यांचे गुणोत्तर स्वतः काढावे आणि प्रकाशित मूल्यांशी ताडून पाहावे. उत्तर जुळले नाही तर ते का जुळले नाही याचा शोध घेताना जे शिकायला मिळते, ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात एका जागी सापडणार नाही.

यानंतर अनोळखी ताऱ्याकडे वळायला हरकत नाही. मात्र प्रकाशवक्रातील प्रत्येक खड्डा ग्रहाचाच आहे असे मानण्याचा मोह आवरायला हवा. टेसच्या चित्रातील एक पिक्सेल आकाशातील सुमारे 21 विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) भाग व्यापतो आणि एवढ्या जागेत अनेकदा दोन-चार तारे असतात. त्यांपैकी एखादा मंद तारा म्हणजे एकमेकांना ग्रहण लावणाऱ्या दोन ताऱ्यांची जोडी असेल, तर तिच्या ग्रहणाचा खड्डा शेजारच्या तेजस्वी ताऱ्याच्या खात्यावर जमा होतो आणि तो हुबेहूब ग्रहासारखा दिसतो. म्हणून एकाआड एक येणारे खड्डे सारख्याच खोलीचे आहेत का, दोन खड्ड्यांच्या मध्ये दुसरा उथळ खड्डा लपला आहे का, प्रकाश घटताना चित्रातील प्रकाशबिंदूचे केंद्र बाजूला सरकते का, हे तपासावेच लागते. शेजारी कोणते तारे आहेत आणि ते किती अंतरावर आहेत, हे युरोपीय 'गाइया' यानाच्या सूचीत पाहता येते; जून 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या तिसऱ्या आवृत्तीत सुमारे 180 कोटी खगोलवस्तूंची नोंद आहे. शिवाय यानाचे स्वतःचे दोषही डेटात उतरतात. टेसची कक्षा 13.7 दिवसांची आहे, त्यामुळे पृथ्वी-चंद्राचा विखुरलेला प्रकाश त्याच तालावर डेटात शिरतो. टेसच्या आधीच्या 'केपलर' या ग्रहशोधक यानाची, दिशा स्थिर ठेवणाऱ्या चार पैकी दोन संतुलन-चक्रे 2013 पर्यंत बंद पडली. पुढच्या टप्प्यात दर सहा तासांच्या आसपास यानाची दिशा सावरावी लागे आणि तेवढ्याच आवर्तनाचे खोटे चढउतार प्रकाशवक्रात उमटत. असे आवर्तन पाहून हरखून जाण्यापूर्वी त्या यानाची माहितीपुस्तिका वाचणे केव्हाही श्रेयस्कर.

या सगळ्या चाळण्यांतून जे उरते तेही फक्त उमेदवार, म्हणजे पुष्टी न झालेला संभाव्य ग्रह, ठरते. ग्रहाचे वस्तुमान काढायचे तर जमिनीवरून वर्णपट घेऊन, ताऱ्याचा वेग ग्रहाच्या ओढीमुळे कसा कमीजास्त होतो ते मोजावे लागते. टेसच्या उमेदवारांपैकी 'टीओआय-1789 बी' या ग्रहाची पुष्टी 2021 मध्ये अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी माउंट अबू येथील आपल्या दुर्बिणीवरच्या 'पारस' या वर्णपटमापकाच्या आधारे केली. हे काम एकट्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातले नाही. परंतु एखादा उमेदवार हा खरा ग्रह का नाही हे सिद्ध करणे आवाक्यातले आहे, आणि आमच्या मते एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी असा नकारात्मक पण काटेकोर निष्कर्ष चमकदार दाव्यापेक्षा अधिक मोलाचा आहे. पैसे भरले की वाटेल ते छापणाऱ्या नियतकालिकांत 'नवा ग्रह' जाहीर करण्याच्या फंदात कृपया पडू नये.

मार्गदर्शनासाठी पुण्याची आयुका ही संस्था आहेच. विद्यापीठांतील शिक्षक-विद्यार्थ्यांना खगोलशास्त्रात संशोधन करता यावे याच हेतूने ती 1988 मध्ये स्थापन झाली. भारताच्या 'ॲस्ट्रोसॅट' या खगोलनिरीक्षण उपग्रहाच्या डेटावर काम करणाऱ्यांना मदत करणारा कक्षही तिथे आहे. महाविद्यालयातील प्राध्यापकांनी भौतिकशास्त्राची बाजू सांभाळली आणि डेटाच्या बारकाव्यांसाठी आयुकातील जाणकारांचा सल्ला मिळाला, तर विषयतज्ज्ञ शहरात नसल्याची अडचण बरीचशी दूर होईल.

प्रश्न : एवढा अवाढव्य खर्च करून मिळवलेला डेटा जगाला फुकट का देतात? ज्यांनी मेहनत केली त्यांच्या हातून शोध निसटत नाही का?
— एक निवृत्त बँक अधिकारी, धरमपेठ

उत्तर : आपली शंका शास्त्रज्ञांनाही पडते, म्हणूनच बऱ्याच दुर्बिणींवर राखीव मुदतीची पद्धत आहे. जेम्स वेब दुर्बिणीवर निरीक्षणाचा प्रस्ताव मंजूर झालेल्या गटाला साधारणपणे 12 महिने तो डेटा स्वतःपुरता वापरता येतो, त्यानंतर तो खुला होतो. हबलसाठी ही मुदत आता बहुधा सहा महिन्यांची असते. गाइयाचा डेटा मात्र प्रसिद्ध होतो तो सर्वांसाठी एकाच वेळी.

खुलेपणामागे हा जनतेचा पैसा आहे हे कारण आहेच, पण त्याहून भक्कम कारण असे, की डेटा गोळा करणाऱ्याला सुचलेला प्रश्न हा त्या डेटाला विचारता येण्याजोगा एकमेव प्रश्न नसतो. हबलने 1998 मध्ये 'एचआर 8799' या ताऱ्याची अवरक्त चित्रे घेतली होती आणि त्यांत कोणालाही ग्रह दिसला नव्हता. 2008 मध्ये जमिनीवरील दुर्बिणींतून या ताऱ्याभोवतीच्या ग्रहांची चित्रे मिळाली, तेव्हा 2009 मध्ये ती जुनी चित्रे बाहेर काढून ताऱ्याचा झगमगाट वजा करण्याची सुधारित पद्धत त्यांना लावण्यात आली आणि सर्वांत बाहेरचा ग्रह तिथे आढळला. डेटा संग्रहात पडून होता म्हणूनच त्या ग्रहाच्या गतीचा 10 वर्षांचा पुरावा आयता हाती आला. तो गटापुरताच राहिला असता, तर कदाचित एव्हाना कुणाच्या तरी कपाटात हरवला असता.

प्रश्न : वेब दुर्बिणीच्या चित्रांतील रंग खरे असतात का?
— एक शालेय विद्यार्थी, सदर

उत्तर : वेब मुख्यतः अवरक्त प्रकाश टिपते आणि तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही. वेगवेगळ्या गाळण्यांतून घेतलेल्या कृष्णधवल चित्रांपैकी जास्त तरंगलांबीच्या चित्रांना लाल व कमी तरंगलांबीच्या चित्रांना निळा रंग देऊन ती एकत्र करतात. म्हणजे रंगांचा क्रम खरा असतो, रंग मात्र दिलेले असतात. संशोधनात मोजमापे मूळ आकड्यांवरच होतात, रंगीत चित्रावर नव्हे.

प्रश्न : पेंच व्याघ्र प्रकल्पाला 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली आहे. अवकाशात एवढ्या दुर्बिणी असताना तिथे छोटी दुर्बीण लावून निरीक्षण करण्याला संशोधनाच्या दृष्टीने काही अर्थ आहे का?
— आकाशनिरीक्षणाची आवड असलेले एक दांपत्य, रामटेक

उत्तर : अर्थ आहे, तो केवळ अंधारामुळे आहे असे मात्र नाही. जानेवारी 2024 मध्ये जाहीर झालेला हा मान भारतात पेंचला पहिल्यांदा मिळाला, याचा विदर्भाला अभिमान वाटणे साहजिक आहे. मंद दीर्घिका आणि तेजोमेघ पाहण्यासाठी तिथल्या अंधाराला तोड नाही. टेसच्या उमेदवारांची फेरतपासणी करायची तर मात्र अंधारापेक्षा स्थिर, निरभ्र हवा, बिनचूक घड्याळ आणि रात्रभर ताऱ्यावरून न ढळणारी दुर्बीण अधिक महत्त्वाची. आठ ते दहा इंचांच्या दुर्बिणीला चांगला कॅमेरा जोडला तर 1 टक्क्याची घट जमिनीवरून मोजता येते, आणि शेजारशेजारचे तारे तिच्यात वेगळे दिसत असल्यामुळे खड्डा नेमका कोणत्या ताऱ्याचा, याचा निर्णय तिथेच लागू शकतो. जगभरातील हौशी निरीक्षक हे काम व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञांच्या बरोबरीने करतात. त्यात रेखांशाचाही लाभ आहे : अमेरिकेत दिवस असताना सुरू होणारे अधिक्रमण तिथून दिसणारच नाही, त्या वेळी आपल्याकडे रात्र असते. पावसाळ्याचे महिने हातचे जातात, परंतु नोव्हेंबरपासून पुढे आपल्याला बऱ्याच निरभ्र रात्री मिळतील. दुर्बीण लावण्याआधी वनविभागाची परवानगी मात्र घ्यावी, कारण सूर्यास्तानंतर राखीव क्षेत्रात थांबण्याचे नियम कडक असतात.