टर्बो डिझेल घ्यावं की साधं?

प्रश्न: जुनी मर्सिडीज ३०० डी बघतोय, एक टर्बोवाली, एक बिनटर्बोची. मेकॅनिक म्हणतो टर्बो म्हणजे डोकेदुखी, खरंय का?

उत्तर: अर्धंच खरंय. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. इंजिन दोन्हीत ३ लिटरचं, पाच सिलेंडरवालंच, पण साधं ८०-८८ हॉर्सपॉवर देतं आणि १९७८ च्या ३०० एसडी या मोठ्या मर्सिडीजमध्ये टर्बो लावल्यावर तेच ११० च्या आसपास गेलं, चढावर हा फरक लगेच कळतो, साध्या गाडीत पाय पार खाली दाबून बसावं लागतं. बरं कंपनीने नुसता टर्बो चिकटवला नव्हता, पिस्टन गार ठेवायला खालून ऑइलचा फवाराही दिलाय. ऑइल वेळेवर बदललेलं असेल तर मी टर्बोच घेईन. इंजिन थंड असताना इनटेकचा (हवा आत नेणारा) पाइप काढून टर्बोची दांडी बोटाने हलवून बघा, बाजूला किंचित हलली तर चालतं, आत-बाहेर सरकली तर गेला समजा. वेगाची घाई नसेल तर साधी घ्या बिनधास्त, त्यात बिघडायला टर्बोच नाही!