ओतणारा हात ठरव आधी

बाय,

काल फोनवर तू रडकुंडीला आली होतीस. आजी म्हणते परसात बाटली दिसली तर मी खोलीबाहेर येणार नाही, आणि मडगावची मंडळी विचारतायत की टोस्ट कशाने करायचा. लग्न तुझं आहे, दारू द्यायची की नाही ते मी नाही सांगणार. पण द्यायची ठरली तर ओतणारा आधी ठरव, ब्रँड नंतर.

तुझे काका काय सुचवतील ते मला माहितीय. पुढे सगळं सात्त्विक, मागे गाडीच्या डिकीत सोय. आपल्या हिंदू घरांत हेच चालत आलंय, मांडवात भाज्यांचं खतखतं आणि मागे काळोखात प्लास्टिकचे ग्लास. हे अजिबात नको. डिकीपाशी ओतणारा कोणीच नसतो, जो तो आपलं आपण ओततो, आणि काळोखात पेग कधीच साठ मिलीचा होत नाही.

माझंच ऐक. 1998 ला धाकट्या भावाच्या लग्नात मी मोठा उदार झालेलो. मे महिना, भट्टीवरून हुर्राकाचे, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचे, दोन कॅन आणले, माडाखाली टेबलावर ठेवले, बाजूला लिम्का, लिंबं, उभ्या चिरलेल्या मिरच्या, घ्या म्हटलं ज्याला पाहिजे तेवढं. हुर्राक फसवा गो. फेणी 42 टक्क्यांच्या आसपास असते, तिचा वास आणि घशातली आग माणसाला अडवते तरी, हुर्राक तिच्या निम्म्याहून हलका, लिम्क्यात सरबतासारखा उतरतो आणि किती झाला ते कळत नाही. साडेनवाला एक भाचा, सतरा वर्षांचा, विहिरीच्या कठड्याला धरून ओकत होता. त्यावर आम्ही हसलो. मग रात्री चुलत बहिणीचा नवरा स्कूटर घेऊन निघाला तो वळणावर सरळ खाजनात, खाडीकाठच्या चिखलाच्या शेतात. जगला, पण उजवा पाय अजून ओढत चालतो. चवथीला आमच्याकडे येतो तेव्हा मी उठून त्याला खुर्ची देतो. बोलत काही नाही.

मुलाच्या लग्नात मग मी काउंटरवर एकच माणूस उभा केला. लोक चिक्कू म्हणाले, अजून म्हणतात. पैसे वाचवायला केलं नव्हतं ते, त्या माणसालाच मी दिवसाची मजुरी आणि वर पाचशे दिले, पण हे कुणाला सांगत बसणार?

तर ओतणारा बाहेरचा बघ, स्वतः न पिणारा. नातेवाईक नको, मामाने डोळा मारला की त्याचा हात सैल सुटतो. त्याच्या हातात मेजर दे. 750 ची बाटली 60 ने ओतली तर 12 पेग, 30 ने 25, किती संपलं ते तुलाही कळत राहतं. गोव्यात 21 च्या खाली द्यायची नाही, कायदाच आहे, आणि चेहरा बघून विचारायची हिंमत ओतणाऱ्यातच असते, टेबलावरच्या बाटलीत नसते. एक्साइजचं त्या दिवसापुरतं लायसन आधीच काढ, घरचंच तर आहे म्हणणाऱ्यांचं ऐकू नको. नवाला बार बंद. डीजे तसाही दहाला बंद करावा लागतो, मधला तास जेवणाला. मडगावच्या मंडळींना मिनीबस कर. नाक्यावर पकडलं तर 10,000 दंड होऊ शकतो म्हणून म्हणत नाही, खाजनासाठी म्हणतोय.

न पिणाऱ्यांची सोलकढी आणि कोकम सरबत चांगल्या काचेच्या ग्लासात दे गो, कागदी कपात काय, ते काय दुय्यम पाहुणे?

राहिली आजी. तुळस पुढच्या अंगणात आहे, काउंटर मागे फणसाखाली लाव. पण तिला चोरून नको, समोर बसून सांग की ओतणारा ठरवलाय, नवाला बंद होणार. तुझ्या आजोबांना कोण कोण ओतायचं ते ती विसरलेली नाही. त्यात मीही होतो. ती बाटलीवर रागावलेली नाही, आमच्यावर रागावलीय, आणि तिचं बरोबर आहे.

आणि काउंटरवर बल्ब लाव, चेहरे दिसले पाहिजेत. पिवळा लाव, पांढऱ्यावर पाखरं येतात आणि ग्लासात पडतात.