वाचकांचे प्रश्न : बाथचा पुल्टनी पूल कुठून पाहावा?

प्रश्न : माझा मुलगा इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला शिकतो. सप्टेंबरात आम्ही उभयता आणि माझी आई त्याच्याकडे जाणार आहोत. जवळच्या बाथ शहरातला पुल्टनी पूल पाहून आलेले आमचे एक नातेवाईक म्हणतात, ‘पूल कधी लागला आणि कधी संपला, तेच कळले नाही.’ मग तो पाहावा कसा? आईचे गुडघे दुखतात. – एक वाचक, फोंडा

उत्तर : आपल्या नातेवाइकांचा अनुभव खरा आहे. पुलाच्या दोन्ही अंगांना या टोकापासून त्या टोकापर्यंत दुकाने असल्यामुळे वरून चालताना खाली एव्हन नदी वाहते आहे, याची चाहूलही लागत नाही. पणजीहून रायबंदरला जाताना लिन्यारीशच्या सतराव्या शतकातल्या पुलावरून मांडवी आणि मिठागरे पाहण्याची आपल्याला सवय असते. बाथला मात्र पूल पाहायचा तो पुलापासून दूर होऊन, दक्षिणेकडच्या ग्रँड परेड रस्त्याच्या कठड्याशी उभे राहून. स्टेशनापासून ही सुमारे दहा मिनिटांची चाल आहे. तिथून तीन कमानी आणि त्यांच्यापुढचा घोड्याच्या नालासारखा बांध एका नजरेत येतो. हा बांध मात्र अलीकडचा, 1972 मध्ये पूर्ण झालेला आहे.

पूल 1774 मध्ये पुरा झाला. नदीपलीकडची बाथविक ही जमीन विल्यम पुल्टनी यांच्या पत्नी फ्रान्सिस यांना वारसाहक्काने मिळाली होती आणि तिथे वसाहत उभारायची तर पूल हवाच होता. वास्तुकार रॉबर्ट अ‍ॅडम यांनी त्याचा आराखडा करताना, व्हेनिसच्या रिआल्टो पुलासाठी इटालियन वास्तुकार पल्लाडिओने केलेली, पण नाकारली गेलेली कल्पना समोर ठेवली.

उत्तरेची बाजू बहुतेक प्रवासी पाहत नाहीत. ती अवश्य पाहावी, असा माझा आग्रह आहे. 1799 आणि 1800 च्या पुरांनी ती उद्ध्वस्त केली, पुढे ती साधेपणाने बांधली गेली आणि दुकानदारांनी मागे खोल्या वाढवल्या. पुलाने काय सोसले, ते तिथेच दिसते. दगडालाही हात लावून पाहावा. आपला चिरा खाणीत मऊ असतो आणि वाऱ्यावर कठीण होतो, तसाच बाथचा हा मधाळ रंगाचा चुनखडीचा दगडही.

ब्रिस्टलहून रेल्वेने पाव तास लागतो, त्यामुळे अर्धा दिवस पुरे. पूर्वेच्या टोकाशी नदीकाठी उतरणाऱ्या पायऱ्या आईंनी टाळाव्यात. आपण खाली जाऊन येईपर्यंत त्यांना पुलावरच्याच एखाद्या कॉफीच्या दुकानात, मागच्या खिडकीपाशी बसवावे. पुलावर असताना नदी दिसते ती अशा खिडकीतूनच.