नर्सिंगला अध्यात्म कशाला शिकवतात?

तुम्ही विचारलंय की बीएस्सी नर्सिंगच्या मुलींना ‘स्पिरिच्युअल केअर’ शिकवून काय मिळणार, त्यापेक्षा सलाईन लावायला नीट शिकवा. मी गोव्यात २१ वर्षं वॉर्डात काढली आहेत, म्हणून लिहिते.

डिचोलीकडच्या एक आजी होत्या. पोटाचा कॅन्सर, शेवटचे दिवस. मॉर्फिन वेळेवर चालू होतं, तरी रात्रभर तळमळ. दोनदा सलाईन उपसून काढलं. सगळे म्हणाले, झोपेचं इंजेक्शन द्या. मी स्टूल ओढून बसले आणि विचारलं, “आजी, मनात काय आहे?” बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “बाय, राखणदाराचा रोट राहिला गो. दोन वर्षं झाली.” राखणदार म्हणजे आमच्याकडे गावाची राखण करणारा देव, त्याला जाड भाकरीचा रोट देतात.

मुलगा बाहेर चटईवर झोपला होता. त्याला उठवून आणलं. “आई, येत्या आयतवारी मी स्वतः देतो,” तो म्हणाला. आजींनी त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं. मग मूठ सुटली, आत चादरीचं टोक चुरगळलेलं होतं. सकाळच्या चहापर्यंत झोपल्या.

मी हे रिपोर्टमध्ये लिहिलं. सकाळी सिनियर सिस्टरनी लाल पेनाने काट मारली. “हे भटाचं काम, नर्सचं नव्हे.” मी नवीन होते, गप्प बसले.

आता नाही बसणार. ‘आध्यात्मिक क्लेश’ हे नर्सिंग निदानांच्या, म्हणजे नर्सने ओळखायच्या त्रासांच्या, यादीत १९७८ पासून आहे. १९६७ मध्ये लंडनला शेवटच्या दिवसांतल्या पेशंटसाठी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्सच होत्या, नंतर डॉक्टर झाल्या. त्यांनी ‘संपूर्ण वेदना’ म्हटलं त्यात शरीर, मन, घरची माणसं आणि अध्यात्म, सगळं धरलं. मग भटाचं काम कुठलं? पाद्रीला बोलावून द्या, असं पेशंट म्हणतो तेव्हा फोन लावणारी नर्सच असते ना?

अभ्यासक्रमात धडा असून भागत नाही हेही खरं. व्याख्या पाठ करून कोणी स्टूल ओढून बसत नाही. ते वॉर्डातच, कोणीतरी बसलेलं बघून येतं.

हां, आपला देव पेशंटवर लादायचा नाही. देव न मानणाऱ्यालाही तळमळ असते, तीही ऐकायची. आणि मॉर्फिनची वेळ चुकवून कसलं अध्यात्म नको, दुखणं आधी.

आणि नोंद कराच. २.१० ला पेशंटने रोटाबद्दल सांगितलं, मुलाने कबूल केलं, २.४० ला झोप लागली. मी तेव्हा एवढंच लिहिलं होतं.