दीड महिन्यात काटा हलेनासा झाला. वजन कमी करण्याचा उत्साह टिकवायचा कसा?

तुम्ही लिहिलंय की पहिल्या तीन आठवड्यांत चार किलो उतरले, मग काटा एका जागी बसला, गेल्या आठवड्यात उलट अर्धा किलो वाढला आणि आता चालायला जायची इच्छाच होत नाही. घरचे म्हणतात, तुझ्यात चिकाटी नाही. म्हणून उत्साह कसा टिकवायचा, असं विचारताय.

उत्साह टिकत नाही. कुणाचाच टिकत नाही, तो तेवढ्यापुरताच असतो. रोज दात घासायला कुणाला उत्साह लागत नाही, आणि वजनाचं कामही त्याच पातळीवर आणावं लागतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर एवढंच आहे. मी लिहायला बसलो ते 'चिकाटी नाही' हे शब्द वाचून, कारण गेली आठ वर्षं मी ते ऐकतोय.

२०१७ साली माझं वजन ९६ किलो ४०० ग्रॅम होतं. आकडा इतका नेमका सांगू शकतो कारण तो लिहून ठेवलेला आहे, माझ्या थोरल्या बहिणीच्या अक्षरात. ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. ती पळते. पहाटे पाचला उठून पळते आणि वीस वर्षांत तिचं वजन दोन किलोंपलीकडे हललेलं नाही. आई गेल्यावर माझी काळजी आपणच घ्यायची असं तिने ठरवलं होतं, आणि ती काळजी मनापासून होती. तिने एक वही आणली, पट्टी घेऊन रकाने आखले: तारीख, वजन, फरक, शेरा. दर रविवारी सकाळी उपाशीपोटी मी तिच्या घरी जायचं, काट्यावर उभं राहायचं, ती आकडा मोठ्याने वाचणार आणि वहीत लिहिणार. भाऊजी समोर पेपर वाचत असायचे, भाचा आसपास खेळत असायचा.

पहिल्या रविवारी दोन किलो शंभर ग्रॅम उतरले होते. शेऱ्यात तिने लिहिलं, 'शाब्बास'. तिसऱ्या रविवारपर्यंत चार किलोंच्या वर गेलं. त्या तीन आठवड्यांत मी हवेत होतो, ऑफिसात दिसेल त्याला सांगत होतो. मग वेग मंदावला. सहाव्या रविवारी ९१.३. सातव्या रविवारी काट्याने ९२ दाखवले.

ताईने मला खाली उतरवून पुन्हा उभं केलं. पुन्हा ९२. 'काय खाल्लंस?' मी म्हटलं, काही नाही, ठरल्याप्रमाणेच. 'काही न खाता सातशे ग्रॅम कुठून आले?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. मलाच कळत नव्हतं. भाचा तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ताईने शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'चोरून खाल्लं.'

मी चोरून खाल्लं नव्हतं. उलट सगळ्या सात आठवड्यांतला तो माझा सगळ्यात चांगला आठवडा होता. मंगळवारी मी बैठका आणि डंबेल सुरू केले होते. मांड्या इतक्या भरून आल्या होत्या की जिना उतरताना कठडा धरावा लागत होता. शनिवारी रात्री एका मित्राबरोबर बाहेर जेवलो. मोजूनच जेवलो, पण बाहेरच्या जेवणात मीठ जास्त असतं. एवढंच घडलं होतं.

आठव्या आठवड्यात मात्र खरंच चोरून खाल्लं. ऑफिसातून येताना गाडी कडेला लावून, काचा वर करून, लोक पाहत नाहीत ना याची खात्री करून. चोर ठरलोच आहे, तर मग आता काय, असं काहीसं डोक्यात होतं. नवव्या रविवारी मी ताईकडे गेलो नाही. फोनही उचलला नाही. वर्ष संपताना ९९ भरलो.

सातव्या आठवड्यात काय झालं होतं ते मला चार वर्षांनी एका आहारतज्ज्ञांनी समजावलं. तुमच्याही बाबतीत बहुधा हेच झालंय. शरीर काही साखर ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत साठवून ठेवतं आणि त्यातल्या दर ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खाणं कमी केलं की पहिल्यांदा हा साठा उपसला जातो, म्हणून सुरुवातीला किलोच्या किलो झरझर उतरतात. ती काही सगळी चरबी नसते. पुढे स्नायूंना नवा ताण दिला की ते सुजतात, सुजले की पाणी धरतात. मीठ जास्त गेलं तरी पाणी. बायकांना पाळीच्या आधी तेच. दिवसभरात माणसाचं वजन एक-दोन किलोंनी इकडेतिकडे होणं अगदी नेहमीचं आहे. म्हणजे पहिल्या रविवारी मला ज्याबद्दल शाब्बासकी मिळाली त्यातलं बरंचसं पाणी होतं, आणि सातव्या रविवारी ज्याबद्दल चोर ठरलो तेही पाणीच होतं.

साधा हिशोब आहे. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. सातशे ग्रॅम चरबी एका आठवड्यात चढवायची तर जेवढं खर्च होतं त्याच्यावर सुमारे ५,४०० कॅलरी जास्त खाव्या लागतील. म्हणजे दोन दिवसांच्या पूर्ण जेवणाहून जास्त, आणि तेही रोजचं सगळं जेवण झाल्यावर वरून. एवढं मी लपवून खाल्लं असतं तर घरात कुणाला तरी कळलं असतं. हा हिशोब त्या रविवारी मला आला असता तर मी नवव्या आठवड्याला गेलो असतो, असं मला आजही वाटतं.

दुसऱ्यांदा सुरुवात झाली ती २०२१ मध्ये, एका रक्ततपासणीनंतर. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ६.२ आला. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाचा उंबरठा, त्यावर मी उभा होतो. डॉक्टरांनी भाषण दिलं नाही. ते म्हणाले, सात टक्के कमी करा, बाकी पुढचं पुढे. माझं वजन तेव्हा ९८ होतं, सात टक्के म्हणजे सात किलोसुद्धा नाहीत. मला वाटलं ते माझी समजूत काढताहेत. तर त्यांनी सांगितलं की अमेरिकेत तीन हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या एका मोठ्या प्रयोगात एका गटाला नेमकं हेच लक्ष्य दिलं होतं, सात टक्के वजन आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालण्यासारखा व्यायाम. २००२ साली निकाल छापून आला. या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं होतं. ते ऐकून खूप वर्षांनी मला वाटलं की हे आपल्या आवाक्यातलं आहे.

मी एकच गोष्ट ठरवली. रात्री जेवून हात धुतले की चपला घालायच्या आणि पंचवीस मिनिटं चालून यायचं. आठवड्यातून सहा दिवस. पंचवीस सक दीडशे. कॅलेंडरवर त्या दिवशी फुली. वजन कॅलेंडरवर लिहायचंच नाही. खाण्यात दोनच बदल केले: दुसऱ्यांदा वाढून घेणं बंद, आणि रात्री टीव्हीसमोर बसून तोंडात जे जायचं ते बंद. पहिले दोन महिने कंटाळा यायचा. खूप यायचा. कंटाळत गेलो. कुणाला सांगितलं नाही, ताईलाही नाही. जाहीर करू नका असंच मी म्हणेन. सगळ्यांना सांगितलं की कौतुक आधीच मिळून जातं आणि काम मागे राहतं.

एकवीस दिवसांत सवय लागते असं जे सगळीकडे सांगतात त्यावर विश्वास ठेवू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ लोकांचा अभ्यास केला. एखादी गोष्ट विचार न करता आपोआप व्हायला लागायला मधला आकडा ६६ दिवस निघाला. कुणाला १८ दिवस पुरले, कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. आणि मधला एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. मला चार महिने लागले. एका रात्री पाऊस पडत होता, मी दाराशी उभा होतो, आणि लक्षात आलं की जायचं की नाही हे ठरवण्याआधीच पायात चपला आल्या होत्या.

चौदा महिन्यांत ९८ चे ८४ झाले. त्याला आता तीन वर्षं होत आली, ८५-८६ च्या आसपास आहे.

आणि ताई म्हणते, 'शेवटी शिस्तच लागली ना? मी तेच सांगत होते.'

नाही. तू हे सांगत नव्हतीस. तू सांगत होतीस की भूक मनाची असते, मन घट्ट केलं की संपते. भूक मनाची नसते. चरबीतून लेप्टिन नावाचं संप्रेरक निघतं, १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने ते शोधून काढलं. चरबी घटली की तेही घटतं आणि मेंदूला वाटतं उपासमार चालू आहे. मेलबर्नमध्ये ५० जणांना दहा आठवडे अगदी कमी आहारावर ठेवून वजन उतरवलं, त्यांच्या शरीरातली भुकेची संप्रेरकं वर्षभरानंतरही पूर्वपदावर आली नव्हती. हा अभ्यास २०११ चा. ज्या माणसाचं वजन कधी वाढलंच नाही त्याला ही भूक ठाऊकच नसते, आणि मग त्याला वाटतं समोरचा लेचापेचा आहे.

तू असंही सांगत होतीस की टोचून बोललं की माणूस पेटून उठतो. इंग्लंडमध्ये पन्नाशीच्या वरच्या २,९४४ लोकांना चार वर्षांच्या अंतराने पाहिलं. वजनावरून आपल्याला वाईट वागवलं जातं असं ज्यांनी सांगितलं त्यांचं वजन सरासरी जवळपास एक किलोने वाढलं, बाकीच्यांचं थोडं कमी झालं. हा अभ्यास २०१४ चा. टोमण्यांमुळेच वाढलं असं त्यातून सिद्ध होत नाही, हे मान्य. पण टोमण्यांनी उतरलं नाही एवढं तर दिसतं. माझं आठव्या आठवड्यात काय झालं ते मी वर सांगितलंच आहे.

विषय तुमचा होता, मी भरकटलो. तुम्ही काय करावं? सकाळी चालायला जायचं होत नसेल तर सकाळ सोडा. रोज न चुकता जे घडतंच, जेवण, अंघोळ, मुलांना सोडून येणं, त्याला चालणं बांधा. इतकं छोटं ठेवा की वाईटातल्या वाईट दिवशीही होईल, दहा मिनिटं चालतील. नोंद करायची ती केलेल्या कामाची करा. घरच्यांनी वजन विचारलं तर सांगू नका. 'चीट डे', म्हणजे आठवड्यातून एक दिवस हवं ते खायची मुभा, वगैरे ठेवू नका, त्यात बाकीचे सहा दिवस शिक्षा भोगल्यासारखे होतात. आणि सुरुवातीच्या चार किलोंशी कुठल्याच आठवड्याची तुलना करू नका, तो वेग परत येणार नाही आणि यायलाही नको.

काट्याबद्दल मात्र एक सांगायला हवं, नाहीतर माझ्या रागापायी तुमचं नुकसान होईल. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही चालवतात. निदान साडेतेरा किलो उतरवून वर्षभर टिकवलेल्या लोकांचीच नोंद त्यात होते. त्यातले सुमारे तीन चतुर्थांश लोक आठवड्यातून एकदा तरी वजन करतात. मीही आता करतो, रोज सकाळी, एकटा, आणि सात दिवसांची सरासरी काढून मागच्या सरासरीशी ताडून पाहतो. एका दिवसाच्या आकड्याकडे पाहत नाही. सरासरी चार आठवडे हललीच नाही तर खाणं पुन्हा एकदा नीट मोजून पाहावं, कारण वजन उतरलं की शरीराची गरजही थोडी कमी झालेली असते. आकडा पाहून दिवसभर जीव कासावीस होत असेल तर काटा कपाटात ठेवा आणि कपड्यांवरून अंदाज घ्या.

आणखी एक, आधीच सांगायला हवं होतं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला, साखर एकदम खाली जाऊ शकते. काही औषधांनी आणि थायरॉइडच्या त्रासानेही वजन अडतं, तेही तपासून घ्या. उपाशी राहणं आणि मग भसाभसा खाणं असं चक्र सुरू झालं असेल तर ते चिकाटीने सुटत नाही, त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे जा.

हे उत्तर मी ताईलाही पाठवणार आहे. ती वही अजून तिच्या कपाटात आहे, मागच्याच महिन्यात तिने भाच्याला दाखवली. सातव्या आठवड्यासमोरचे ते दोन शब्द तिने खोडावेत, आणि शक्य झालं तर त्याच्या समोर खोडावेत.