कोकोलिथ: करवंटी नव्हे, शिंपला तर नव्हेच

एका भूगोलाच्या शिक्षिकेनं विचारलंय : "समुद्रातल्या एकपेशीय शैवालांच्या अंगावर कॅल्साइटचं (म्हणजे चुनखडीच्या खनिजाचं) संरक्षक कवच असतं, त्याला कोकोलिथ म्हणतात. मुलांना 'सूक्ष्म शिंपले' असं सांगितलं तर चालेल का? आणि त्यातला 'कोको' नारळाचा का?"

शिंपले नाही चालणार. शिंपला म्हटला की आत मऊ अंगाचा प्राणी आला, दोन झाकणं आली, बिजागरी आली. इथे एकच पेशी आहे आणि तीही उन्हावर जगणारी. पण माझं डोकं खरं उठतं ते 'कोकोलिथ नावाचं शैवाल' हे ऐकून. विज्ञानाच्या प्रत्येक दुसऱ्या चित्रफितीत हेच. अहो, कोकोलिथ म्हणजे शैवाल नव्हे, त्याच्या अंगावरची एक चकती. अशा चकत्यांचा अख्खा गोळा तो कोकोस्फिअर, आणि तो वागवणारं शैवाल ते कोकोलिथोफोर. बांगडीलाच बाई म्हणायचं, तसला हा प्रकार.

नारळाचं एका वाक्यात उरकतो. तो 'कोको' पोर्तुगीजांचा; करवंटीचे तीन डोळे बघून त्यांच्या खलाशांना बागुलबुवा आठवला, असं सांगतात. आपल्या शब्दाशी त्याचं काही नातं नाही. चकती गोल दिसते म्हणून करवंटी, असं सांगणाऱ्यांनी निदान ग्रीक कोश उघडावा. कोक्कोस म्हणजे दाणा, बी. लिथोस म्हणजे दगड.

बहुतेक कोशकार इथेच 'कणाश्म' किंवा 'गोलाश्म' असं काहीतरी पाडून मोकळे होतात. नाव कुणी दिलं, का दिलं, हे बघायची तसदी नको. 1857 साली अटलांटिकच्या तळातून तारायंत्राची केबल टाकायची म्हणून 'सायक्लोप्स' या जहाजानं तळाचा गाळ काढला. तो ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्सलीकडे आला. सूक्ष्मदर्शकाखाली त्याला बारीक गोलसर वस्तू दिसल्या, प्रोटोकोकस नावाच्या वनस्पतीच्या सुट्या पेशींसारख्या. पण सौम्य आम्लात त्या झटकन विरघळल्या. म्हणजे सजीवाच्या असणं शक्य नाही, असं ठरवून 1858 मध्ये त्यानं केवळ सोयीसाठी त्यांना कोकोलिथ म्हटलं. 'वनस्पतीसारखं दिसतं, पण आहे दगड' असा या नावाचा खरा रोख आहे. आणि निघालं ते वनस्पतीच्याच गोतावळ्यातलं! तीनेक वर्षांतच वॉलिच आणि सॉर्बी या दोन ब्रिटिश संशोधकांनी अशा चकत्यांचे अखंड गोळे दाखवून हे सजीवाचंच काम असल्याचं सांगितलं. हक्सलीनं 1868 मध्ये आणखी एक उडी मारली : म्हणे या चकत्या समुद्रतळावर पसरलेल्या एका आदिम जिवंत चिखलाचा भाग आहेत. पुढे 'चॅलेंजर' जहाजाच्या समुद्रसंशोधन मोहिमेवरच्या रसायनज्ञानं तो चिखल म्हणजे समुद्राच्या पाण्यात मद्यार्क ओतल्यावर बसणारा साका आहे, असं दाखवलं. तरी आज सगळ्यात जास्त आढळणाऱ्या कोकोलिथोफोरच्या नावात 'हक्सलेई' आहेच.

आता माझ्या आवडीचं. ग्रीक लोक 'कोक्कोस' आणखी एका गोष्टीला म्हणत. भूमध्य समुद्राकाठच्या ओक झाडांच्या फांद्यांना एका किड्याच्या माद्या चिकटून बसतात, गोल, टपोऱ्या, अगदी बीसारख्या. त्या वाळवून लाल रंग काढायचे. त्याच किड्याचं अरबी नाव किर्मिझ, आणि त्यावरून आपला किरमिजी! हा शब्द थेट संस्कृत 'कृमिज'पासून अरबीत गेला असं छातीठोकपणे सांगणारे विद्वान आहेत. मला ते पटत नाही. फारसीत स्वतःचा 'किर्म' आहे, कृमीचा सख्खा भाऊ. घरात भाऊ असताना शेजाऱ्याकडून उसना कशाला आणतील? पण ते असो. मुद्दा असा की सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालणाऱ्या लिनिअसनं कोक्कोसवरूनच या किड्यांच्या एका वंशाला 'कोक्कस' नाव दिलं, आणि हा सगळा गट आजही त्याच नावानं ओळखला जातो. लाखेचा किडाही त्यातलाच. मराठी शेतकरी या गटाला काय म्हणतो? खवले कीड. उसाच्या कांड्यांवर, आंब्याच्या पानांवर बसते तीच.

म्हणून कोकोलिथला माझा शब्द 'खवला'. योगायोग म्हणून हसाल, पण शास्त्रही माझ्याच बाजूनं आहे. या शैवालांच्या भाऊबंदांच्या अंगावर चुन्याशिवायचे साधे सेंद्रिय खवले असतात, आणि कोकोलिथही तसल्याच एका सेंद्रिय खवल्याच्या पायावर घडतो. घडतो तोही पेशीच्या आत, एका चिमुकल्या पिशवीत, आणि पूर्ण झाला की बाहेर ढकलला जातो. हक्सलेईचा खवला म्हणजे दोन लंबगोल कडी, मधे आखूड नळीनं जोडलेली. शेजारच्या खवल्याची कड त्या दोन कड्यांमधल्या फटीत अडकते आणि गोळा सुटत नाही. मिलिमीटरभर जागेत असे तीनेकशे खवले शेजारी शेजारी बसतील.

'संरक्षक' हे विशेषण मात्र जपून वापरा. भक्षकांपासून, विषाणूंपासून की प्रखर उन्हापासून संरक्षण, की मुळात काम वेगळंच, यावर शास्त्रज्ञ अजून भांडताहेत. अख्ख्या गोळ्याला 'कवच' म्हणायला माझी हरकत नाही.

आणि विचारलं नव्हतं तरी सांगतो. इंग्लंडच्या किनाऱ्यावरचे डोव्हरचे पांढरे कडे मुख्यतः याच खवल्यांचे आहेत, आणि त्या खडकाचं नावही खडूच. म्हणून फळ्यावरचा खडू उचलून 'हे बघा कोकोलिथ' असं मुलांना सांगू नका. तो पुष्कळदा जिप्समचा असतो. आधी त्यावर लिंबू पिळून बघा. फसफसला नाही, तर त्यात कॅल्साइट नाही.